पानाभोवतीचं पाणी

शनिवारी दुपारी माझ्यासमोर जेवायला बसलेले माझे यजमान रविवारी सकाळी पाणथळीच्या मधोमध होते, आणि अजून जेवतच होते.

लॉज छान होतं, उगाच नावं ठेवणार नाही. लग्नाच्या वाढदिवसाचं म्हणून लेकीने बुक करून दिलेलं. तळ्याच्या काठावर पाचच तंबू, आत मऊ गाद्या, बाकी सगळं बांबूचं, दात घासायचा ब्रशसुद्धा. प्लास्टिक औषधाला नाही. प्यायला तळ्याचंच पाणी, गाळून पितळी तांब्यात भरलेलं. जेवणाच्या माचावर पाटी होती : पानात टाकू नये. ती वाचून ह्यांना कोण आनंद! म्हणाले, "बघ, आमचे अण्णा हेच सांगायचे."

मग अण्णांनी शिकवल्याप्रमाणे ह्यांनी तळहातावर तळ्याचं पाणी घेतलं आणि ताटाभोवती फिरवलं. बत्तीस वर्षं मी बघतेय. एकदा पाणी फिरवलं की पान संपेपर्यंत उठायचं नाही, आभाळ कोसळलं तरी. पण त्या दिवशी पाण्याची रेघ सुकली नाही. रुंद होत टेबलाच्या कडेला आली आणि खाली उतरली. वरणाची वाटी द्यायला मी हात पुढे केला, तर हे हाताला लागेनात.

"अहो, उठा!"

"अर्ध्या जेवणातून?"

"टाका अर्धं! मेलं ते जेवण!"

ह्यांनी पाटीकडे बोट दाखवलं. पाटी त्यांच्या बाजूला गेली होती.

संध्याकाळपर्यंत आमच्या मध्ये पाणकणीस उगवलं. त्यात बदकं पोहत होती. ह्यांच्या पानातला भात काही कमी होईना. सकाळी मी होडीतून गेले, तर होडी जितकी पुढे जाई तितकंच पाणी वाढे. दमून काठावर आले आणि ढसाढसा रडले.

मॅनेजर शिरसाटबाई सरबत घेऊन आल्या.

"काकू, अकरा वाजता तुमची गाडी येईल. त्याच सुमाराला काका दिसायचे बंद होतील."

"असं आधी झालंय?"

"जांभेकर म्हणून होते. दोन वर्षं झाली. जेवणाच्या वेळी अजून वाटी-चमच्याचा आवाज येतो."

दहा वाजून गेले होते. हे अंगठ्याएवढे दिसत होते. हट्टी माणूस, जन्मभर छळलं मला त्या पानाने! ह्यांचं होईपर्यंत मी वाढायचं आणि मग निवलेलं जेवायचं. पण ह्यांना तिथे सोडून एकटी घरी जाऊ कशी? चहा कुणाला विचारू?

"मला जेवायला वाढा," मी शिरसाटबाईंना म्हटलं. "वरणभात, गरम."

पाणी फिरवणं हे पुरुषांचं, असंच आमच्याकडे. मी कधी फिरवलं नव्हतं. त्या दिवशी फिरवलं. वाटलं, माझं पाणी त्यांच्या पाण्याला जाऊन भिडेल, मग हे एकाच पाण्यातून चालत येतील.

भिडलंही. रेघ माचावरून उतरली, पाणकणसातून गेली. तिकडे ह्यांच्याभोवतीचं पाणी ओसरलं, पानातला भात सरला; ह्यांनी शेवटचा घास घेतला, ताट नीट निरखलं आणि उठले. कोरड्या जमिनीवरून चालत येऊन शिरसाटबाईंच्या शेजारी उभे राहिले. मला इतकं बरं वाटलं! हात हलवला मी.

त्यांनी हलवला नाही. ते आणि शिरसाटबाई, दोघंही लहान होत चालले होते.

"अगं, ऊठ!" ते ओरडले. "टाक ते अर्धं!"

उठायचं होतं मला, देवाशप्पथ. पण पाणी फिरवलं होतं. पाटीही माझ्या शेजारी आली होती. लांबवर गाडीचा हॉर्न वाजला.

वरण चांगलं वाफाळत होतं. मी भात कालवला आणि एक घास घेतला. भात होता तेवढाच राहिला.