पटावरची चौदा नावं

उमापूरच्या पुढं एका वाडीवरच्या शाळेचे हेडमास्तर बद्रीनाथ गुरुजी. त्या फेब्रुवारीत त्यांचं जेवणावरचं मनच उडालं होतं. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांचा सातवीचा निकाल यंदा एकाच तक्त्यात लागणार होता आणि तळाला राहील त्या शाळेची सातवी बंद होणार होती. पोरांनी मग गेवराई गाठायची. पोरं गाठतीलही, पोरींना कोण धाडतंय?

सातवीच्या पटावर एकतीस नावं. पाऊस दगा देऊन गेला तशी चौदा लेकरं दिवाळी होताच आईबापांमागं सहकारी कारखान्याच्या फडात ऊसतोडीला गेलेली. परीक्षेला ती यायची नाहीत, म्हणजे नापासांत धरली जाणार.

विस्तार अधिकारी मोहनराव तसा माणूस वाईट नव्हता. पाण्याच्या टँकरमागून फटफटीवर आला, चहा घेतला, हलक्या आवाजात उपाय सांगू लागला. दुसऱ्या एका शाळेनं असली नावं कधीच कमी केलीत, तिचा निकाल शंभर टक्के दिसतो.

"तुमी कावून उगं भूतदया करायलात, गुरुजी? शनिवारी पट पाठवायचाय. मारा रेघा."

गुरुजींनी रेघा मारल्या. तांबड्या शाईनं, चौदा. मारताना विठ्ठलाच्या तसबिरीकडं पाठ करून बसले.

या शाळेत एक रीत होती. हजेरीत फडावरच्या लेकराचं नाव आलं की शेजारचं लेकरू त्याच्या वतीनं 'फडात हाय' म्हणायचं. दुसऱ्या दिवशी गुरुजी चौदा नावं गाळून भराभर वाचत गेले आणि पट मिटला. पंक्चरवाल्या खाजामियाँची जाहेदा शेजारच्या रिकाम्या जागेकडं बोट दाखवत उभी राहिली.

"गुरुजी, बायनाचं राह्यलं."

गुरुजींनी तिला जवळ बोलावून खरं काय ते सांगितलं. वर्ग बंद पडला तर तुझीच शाळा आधी सुटेल, हेही सांगितलं.

जाहेदानं ओढणीचं टोक चावलं. "अब्बा गेवराईला न्हाई धाडायचे," ती म्हणाली. "पन नावच न्हाई म्हणल्यावर बायना आली तर बसंल कुठं?"

गुरुजींनी मिटलेला पट पुन्हा उघडला. कीर्तनात पार दारात, चपलांपाशी बसलेल्यालाही बुक्का लावल्याशिवाय राहत नाहीत, हे त्यांनीच गावाला किती कौतुकानं सांगितलं होतं.

शनिवारी मोहनरावाच्या हाती एकतीस नावांचा नवा पट पडला. त्यानं नावं दोनदा मोजली. "बुडालात गुरुजी," म्हणाला नि पट पिशवीत घातला.

गुरुजी तिथून थेट पंक्चरच्या दुकानात गेले. निकालाला तीन महिने होते, पण त्यांच्यानं थांबवेना. खाजामियाँ बादलीच्या तळातल्या गढूळ पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे शोधत होता. गेवराईची सकाळची एसटी कधी येते, गुरुजींनी विचारलं.

"कुनाला जायचंय?"

गुरुजी बादलीशेजारी उकिडवे बसले. "जाहेदाचंच बोलायला आलोय, खाजाभाई."