मागच्या भिंतीतलं भोक

मी एक जुनं भोक आहे. हसलात ना? हसा. छत्री बोलते, खुर्ची बोलते, ते तुम्हाला चालतं. पण भोकाला सांगण्यासारखं असतं तरी काय? मी म्हणजे लोखंडी पाइपाचा एक तुकडा आणि त्याच्या आतली मूठभर रिकामी जागा. पण मित्रांनो, त्या रिकाम्या जागेवर एका माणसाचा जीव टांगलेला होता. म्हणून बोलतो आहे.

वर रस्ता, खाली वस्ती आणि मध्ये उभा चढ. चढाची माती खाली येऊ नये म्हणून गवंड्यांनी दगडी भिंत बांधली, तेव्हा माझा जन्म झाला. माती पाणी पिते. प्यायलेलं पाणी कुठून तरी बाहेर पडावं लागतं, नाहीतर ते भिंतीला ढकलू लागतं. त्यासाठी गवंड्यांनी भिंतीत ओळीनं पाइपाचे तुकडे बसवले. आम्ही सगळी भावंडं पावसात वाहायचो आणि भिंत पाय रोवून उभी राहायची. कौतुक अर्थातच भिंतीचं व्हायचं.

मग लोकांनी भिंतीला चिकटून खोल्या बांधल्या. तीन भिंती घालायच्या, चौथी आयती. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच, फक्त इथं बिळानं घरात पाणी सोडलं. एकानं बोळा कोंबला, दुसऱ्यानं गिलावा केला. एकेक करत माझ्या भावंडांची तोंडं बंद झाली आणि त्यांच्या वाटचं पाणीही माझ्याकडे येऊ लागलं.

माझ्या वाट्याला आलेलं घर मात्र चांगलं होतं. नवरा, बायको आणि त्यांची मुलगी. मुलीला सगळे ठकी म्हणत. बायको शाळेच्या शर्टांना काजं करायची आणि नवरा त्यांना इस्त्री करून घड्या घालायचा. भोकांवरच त्यांचं पोट होतं म्हणा ना. "भोक कुणीही पाडेल," ती ठकीला सांगायची, "त्याची कड बांधता आली पाहिजे." माझी कड तिच्या नवऱ्यानं बांधली. त्यानं माझ्या तोंडाला रबरी नळी बसवली आणि तिचं दुसरं टोक मोरीत सोडलं. "वाहू दे बिचाऱ्याला," तो म्हणायचा, "आपलं काय खातंय?" त्या माणसावर माझा फार जीव होता.

एकदा ठकी शाळेतून उड्या मारतच आली. घरातली बारकी भोकं शोधून त्यांची इंग्रजी नावं आणा, असं बाईंनी सांगितलं होतं. ती घरभर बोट दाखवत फिरली. कुलपाला म्हणाली कीहोल, आईच्या मांडीवरच्या शर्टाला बटनहोल, बुटाच्या नाडीपाशी आयलेट. गल्ल्याची फट स्लॉट झाली आणि चुलीवरची जाळी व्हेंट.

"आणि सुईला असतो आय."

"सुईला डोळा?" आई म्हणाली. "असेल बाई त्यांच्या सुईला. माझ्या सुईला नेढं आहे."

मग तिचं बोट माझ्यावर आलं. "बाबा, याला काय म्हणायचं?"

"आम्ही भोकच म्हणतो. बाईंना विचार."

बाईंनी कुणाला तरी विचारलं आणि शब्द आणला: वीप होल. वर्गात दुसऱ्या कुणाकडेच तसलं भोक नव्हतं, त्यामुळे ठकीला शाबासकी मिळाली. ती धावत घरी आली आणि माझ्यासमोर उभी राहून तिनं तो शब्द घोकला. एवढ्या वर्षांत माझं असं नाव कुणी घेतलं नव्हतं. मी हरखून गेलो. पण मित्रांनो, हे भोक असतं कशासाठी, ते कुणीच कुणाला विचारलं नाही. शब्द मिळाला आणि सगळ्यांचं समाधान झालं.

त्या पावसाळ्यात माझी नळी फुटली. गंजाचं तांबडं पाणी शर्टांच्या गठ्ठ्यावर उडालं आणि काम देणाऱ्या मालकानं अख्खा गठ्ठा परत पाठवला. रात्रंदिवस डोळे फोडून केलेली काजं वाया गेली. ठकीची आई रडली नाही, चिडली. नवरा बाहेर गेलेला पाहून तिनं शेजारून सिमेंट आणलं आणि माझ्या तोंडात ठासून भरलं.

नवरा आला तो थबकला. "अगं, पाणी जाणार कुठं?"

"जाईल जमिनीत. शेजारच्यांनी बुजवलं, त्यांचं काय बिघडलं? अहो, मला शर्ट कोरडे हवेत."

त्यानं भिंतीवरून हात फिरवला. भिंत खरंच कोरडी होती. तो पुन्हा इस्त्रीकडे वळला.

ठकी मात्र रुसली. "माझं वीप होल बुजवलंस?"

"शब्द पाठ झाला ना तुझा? मग बास."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार काय असतो, ते मला तेव्हा कळलं. पाठीमागे पाणी चढत होतं आणि मला हूं की चूं करता येत नव्हतं. भिंतीला पोट आलं. भिंतीवरची फळी तिरकी झाली, दार घासू लागलं. पावसात लाकूड फुगतंच, असं म्हणून नवऱ्यानं दार रंध्यानं तासलं. एका दुपारी ठकी शाळेत होती, आई नवे शर्ट आणायला गेली होती आणि तो इस्त्री करत होता. तेव्हा भिंत आत आली. त्याला वर बघायलाही वेळ मिळाला नाही.

पुढं नवी भिंत उभी राहिली. एक इंजिनिअर भिंतीतल्या भोकांकडे हात करून जमलेल्या लोकांना सांगत होता, "ही वीप होल. यांतून पाणी जातं, म्हणून भिंत राहते. ही बुजवू नका." गर्दीत ठकी आईचा हात धरून उभी होती. शब्द तिला येत होता. पुढचं तिनं तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, आणि तिच्या आईनंही.

आईनं मला ढिगाऱ्यातून शोधून काढलं. आतलं सिमेंट तिनं सळईनं कोरून काढलं. बोटं सोलली तरी थांबली नाही. आता दर पावसाळ्याआधी ती तीच सळई घेऊन नव्या भिंतीचं एकेक भोक मोकळं करते. लोक म्हणतात, डोक्यावर परिणाम झालाय. मित्रांनो, तुम्ही तरी तसं म्हणू नका. आणि कुठल्याही भोकात बोळा कोंबण्याआधी, ते कुणी आणि कशाला ठेवलंय, एवढं विचारा.

मी आता त्यांच्या दुसऱ्या खोलीच्या खिडकीत असतो. ठकी अजून शब्द म्हणते. कीहोल, बटनहोल, आयलेट, स्लॉट, व्हेंट. तिथं ती नेहमी थांबायची. काल आईनं काजाचा धागा दातानं तोडला आणि राहिलेलं माझं नाव स्वतःच घेतलं.

"आता पुढचं म्हण," ती म्हणाली.

ठकीनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "यातून पाणी जातं, म्हणून भिंत राहते."