ताडपत्रीखालची शेवंती

शिवणबाईंच्या परसात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीखालचा फुलांचा वाफा जाड काळ्या ताडपत्रीने झाकलेला होता आणि सगळी गल्ली तिच्याकडे अशी टक लावून बघत होती, जणू खालून आता कोणीतरी शिंकणार आहे.

"वहिनींनी स्वतः टाके घातलेत बरं का!" बेबी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती. "दोर खुंट्यांना बांधलाय, कापड दोराला शिवलंय. मुंगी शिरायची नाही आत!"

बेबी म्हणजे शिवणबाईंची धाकटी नणंद. पन्नाशी उलटली तरी बेबीच. तिनेच आणलेले भूमीमहाराज खुर्चीत डोळे मिटून बसले होते. पाय मात्र नमस्काराला सोपे जावेत इतके पुढे आले होते.

हा वाफा शिवणबाईंच्या यजमानांचा. ते गेले आणि दोन वर्षांत हरळी-लव्हाळ्याच्या तणाने तो गिळून टाकला. शेवटी एक दिवस मनाचा हिय्या करून बाई खुरपं घेऊन बसल्या, तोच बेबी महाराजांना घेऊन दारात हजर. महाराजांनी जमिनीला कान लावला आणि ओरडले, "थांब, माई! या मुळांत तुझ्या धन्याचा जीव गुंतलाय. खुरपं मारशील तर घाव त्याला बसेल. खिडकीतून पांढरी शेवंती दिसावी म्हणून तळमळतोय तो!"

बाईंच्या हातातलं खुरपं गळून पडलं. "खिडकीतून शेवंती दिसायला हवी होती गं." यजमानांचे हेच तर शेवटचे शब्द. खोलीत तेव्हा घरच्यांशिवाय कोणी नव्हतं. मग यांना कळलं कसं? अंतर्ज्ञानाने, दुसरं काय! महाराज सांगतील ते करायला बाई तयार झाल्या. दोन महिने वाफा झाकून ठेवायचा, पाणी घालायचं नाही, डोकवायचं नाही. जीव सुटला की फुलं आपोआप येतील, आणि मग ती खिडकीची खोली महाराजांच्या केंद्राला द्यायची. मातीची भाषा जाणणाऱ्या महाराजांना स्टँपपेपरची भाषाही उत्तम येत होती. कागद तयार होता, फक्त सही बाकी होती.

"अहो, उजेड तोडला की कुठलंही गवत मरतं," समोरच्या घरातले निवृत्त मास्तर तेव्हाच म्हणाले होते. बाईंनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं होतं.

"माई, घाल कात्री!" महाराजांनी हुकूम सोडला.

बाई टाके कापत निघाल्या. तीन कडा झाल्या. खिडकीकडच्या कडेला कात्री थबकली. हे टाके त्यांचे नव्हते. बाईंचा टाका तिरपा, मोकळा. इथे मात्र प्रत्येक टाका मागे नेऊन पुन्हा आवळलेला होता. ही खोड सोडवायला त्यांनी लग्नानंतरची कितीतरी वर्षं घालवली होती, एका शाळकरी नणंदेला शिवण शिकवताना.

त्यांनी वर पाहिलं. बेबीने नजर चुकवली.

बाईंनी तेही टाके कापले. ताडपत्री सरकली आणि परसात एकच गलका उठला. तण वाळून भुगा झालं होतं आणि त्या भुग्यात पांढरीशुभ्र शेवंती डोलत होती!

"सुटला! जीव सुटला!" महाराजांनी हात उंचावले. "आता सही, माई."

"करते ना," बाई म्हणाल्या आणि खुरपं घेऊन वाफ्यात उतरल्या.

"वहिनी, नको! दादाला लागेल!"

खुरप्याच्या एका हिसक्यासरशी रोप वर आलं, ते नर्सरीच्या काळ्या पिशवीसकट. दुसरं उपटलं, त्यालाही पिशवी. घाईत पिशव्या फाडायलाही कोणाला सवड झाली नव्हती. आणि पिशवीखालच्या मातीत लव्हाळ्याच्या गाठी होत्या, टणक, जिवंत, पांढरे कोंब फुटलेल्या.

"बघा, वरचं मेलं, मुळं तशीच आहेत," मास्तर पुढे येत म्हणाले. "आठवड्यात पुन्हा रान माजेल. ती हातानेच खणून काढावी लागतात."

"मातीचा कोप होईल!" म्हणत महाराज चपला शोधू लागले.

"कोपाचं आम्ही बघतो," मास्तर म्हणाले, "तुम्ही पिशव्या तेवढ्या घेऊन जा."

बाई बेबीसमोर उभ्या राहिल्या. "टाके तुझे आहेत."

"दादाचं घर होतं ते, वहिनी," बेबी रडकुंडीला आली. "त्यात माझं काय राहिलं? महाराज म्हणाले, केंद्र तूच सांभाळ."

"खोली मागितली असतीस तर दिली असती गं. तू त्यांचे शेवटचे शब्द विकलेस. मी खुरपं उचलायला भीत राहिले, रात्र रात्र त्या खिडकीशी बसून त्यांची माफी मागत राहिले, आणि तू शेजारी बसून माझी पाठ थोपटत होतीस."



बाई लोकांकडे वळल्या. "मी फसले, कारण मी एकच गोष्ट विचारली नाही. यांना हे सांगितलं कोणी? कोणी तुमच्या घरातलं गुपित ओळखलं तर पाया पडू नका, आधी ते बाहेर कसं गेलं ते शोधा. झाकून ठेवलेलं काहीही असो, उघडून बघा, उकरून बघा. खरं असेल तर उकरल्याने बिघडत नाही."

गर्दीतून एक शेजारीण पुढे आली. मुठीत कागदाची पुडी होती. "बाई, महाराजांनी माझ्या लेकाच्या तापावर ही माती दिलीय. तीन वेळा पाण्यातून द्यायची. काल एकदा दिली."

"टाक ती. मुलाला घे, डॉक्टरकडे जाऊ. मी येते बरोबर."

मातीचे हात पदराला पुसून बाई निघाल्या. मग परत वळल्या आणि बेबीपुढे तळवा धरला.

"परसदाराची किल्ली."

घर तुझंही आहे, म्हणून ती बाईंनीच तिला दिलेली होती. बेबीने कमरेची किल्ली सोडली आणि त्या तळव्यावर ठेवली.