ताईची गोळी, गुंडीचा जीव

धाकटी नऊ वाजता ऑफिसला निघाली, की गुंडीचा आकांत सुरू व्हायचा. दाराशी बसून ती कुत्री गळा काढायची, नखांनी दार ओरबाडायची, पाण्याच्या भांड्याकडे ढुंकूनही बघायची नाही. शेजारचे भिंतीवर थापा मारायचे. आणि शिलाई मशीनवर बसलेल्या ताईच्या पोटात दुखायला लागायचं!

दुखणारच की! तीन वर्षांपूर्वी, गुंडीचे डोळेही उघडले नव्हते तेव्हा तिला घरी आणलं ताईनं. ड्रॉपरनं दूध पाजलं ताईनं. धाकटी तर आत्ता आठ महिन्यांपूर्वी बदली होऊन बहिणीकडे राहायला आली आणि गुंडीला खिशातच घालून बसली. आता जिन्यात धाकटीची पावलं वाजली, की गुंडी नाचायची. ताईनं हाक मारली, तर दोनदा शेपटी हलवायची, उपकार केल्यासारखी.

"मी काय घरात नाही का गं?" ताई मशीन थांबवून ओरडायची. गुंडी दाराकडेच बघत राहायची.

ताईला स्वतःला अधूनमधून उगाच भीती वाटून धडधडायचं. त्यासाठी डॉक्टरांनी तिला गोळ्या दिल्या होत्या. एका सकाळी गुंडीनं फारच गळा काढला, तेव्हा ताईचं लक्ष त्या गोळ्यांच्या पट्टीकडे गेलं. माझी घालमेल थांबते, तर हिची का नाही थांबणार? तिनं अर्धी गोळी कुस्करून दूधपावात कालवली. बिचारीचे हाल बघवत नाहीत, असं ती स्वतःला सांगत होती. पण मनाच्या तळाशी वेगळंच होतं. एक दिवस तरी हिनं त्या धाकटीसाठी रडू नये!

तासाभरात गुंडी ताईच्या पायांवर हनुवटी टेकून झोपली. ताईला आभाळ ठेंगणं झालं. संध्याकाळी धाकटी आली, तर गुंडी जागची उठलीसुद्धा नाही.

"आज ताईचा नंबर वाटतं!" धाकटी हसली.

त्या एका वाक्यानं ताई इतकी सुखावली, की दुसऱ्या दिवशी तिनं अख्खी गोळी घातली.

दुपारी गुंडी उठायला गेली, तर तिचे मागचे पाय फाकले. ती मशीनच्या पायावर आपटली. तोंडातून लाळ गळायला लागली. ताईनं हात पुढे केला, तर अनोळखी माणसावर गुरगुरावं तशी गुरगुरली आणि तिनं अंग टाकलं. ताईची पाचावर धारण बसली. बाह्या लहान करायला आलेल्या एका कोटात गुंडीला गुंडाळून ती प्राण्यांच्या दवाखान्यात धावली. वाटेतच तिनं धाकटीला फोन केला.

"काय खाल्लं हिनं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"एखादं औषध? उंदराचं विष?"

"नाही हो."

एवढ्यात धाकटी धापा टाकत आत आली. तिच्यादेखत कबूल करायचं?

डॉक्टरीणबाई गुंडीच्या छातीवरचा हात न काढता म्हणाल्या, "पोटात काय गेलंय ते कळलं नाही, तर मी नुसती चाचपडत बसेन. आणि तोवर हिचा श्वास थांबला तर?"

"माझी गोळी!" ताईला रडू फुटलं. "भीतीवरची! मीच दिली. काल अर्धी, आज अख्खी!"

गोळीचं नाव, दिल्याची वेळ कळताच डॉक्टरीणबाईंचे हात भराभर चालू लागले. सलाईन लागलं, ऊब दिली गेली. पाचच्या सुमारास गुंडीनं डोळे उघडले, तेव्हा कुठे ताईचा जीव भांड्यात पडला.

"पण बाई, कुत्र्यांनाही अशा गोळ्या देतात ना?" तिनं चाचरत विचारलं.

"देतो की. कधी कधी माणसाच्याच देतो. पण कुठली, किती, किती दिवस, हे त्या कुत्र्याचं वजन, यकृत, चालू असलेली औषधं बघून ठरवतो. तुमची गोळी तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला तपासून दिली होती. गुंडी नऊ किलोची! अशा गोळीनं एखादं कुत्रं उलट बिथरतं, एखाद्याचा श्वास मंदावतो. आणि काल ही शांत झाली नव्हती, ताई. तिला गुंगी आली होती. भीती होती तिथेच होती."

"खरं सांगू? भीतीसाठी नव्हतीच दिली मी," ताई मान खाली घालून धाकटीला म्हणाली. "ती तुझ्यासाठी रडते, ते मला सोसत नव्हतं."

धाकटी रागावलेली होती. तिनं गुंडीच्या अंगावरचा कोट सारखा केला. मग म्हणाली, "अगं, घरातलं माणूस बाहेर जातं तेव्हा ती रडते. तू घराबाहेर पडतेस कधी? तुझ्यासाठी रडायची वेळच तू तिच्यावर येऊ दिली नाहीस!"

ताईला पटलं. खरंच की! आपला हेवा तरी कशाचा होता? गुंडीच्या अश्रूंचा?

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं दोघींनी सुरू केलं. धाकटीनं निघताना दारातले लाड बंद केले. आधी दोन मिनिटं बाहेर, मग दहा, असं करत गुंडीला आपल्याशिवाय राहायची सवय लावली. धाकटी निघायच्या आधी ताई तिला बागेत फिरवून आणू लागली. दोन महिन्यांनी आकांत निम्म्यावर आला. पूर्ण थांबला नाही, पण ताईच्या पोटात दुखायचं मात्र थांबलं.

परवा शिवण टाकायला आलेली एक बाई सहज म्हणाली, "आमचा मोती फार भुंकतो. माझीच झोपेची गोळी देते त्याला."

ताईनं कात्री खाली ठेवली. "बसा," ती म्हणाली, आणि काहीही न लपवता, हेव्यासकट, सगळं सांगितलं. ती बाई उठली ती थेट दवाखान्याचा पत्ता घेऊनच.

वाचकहो, आपल्या घरातल्या मुक्या जिवाला "मला काय होतंय" हे सांगता येत नाही. म्हणून आपल्या गोळ्या त्याच्या तोंडाला लावू नका, प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारा. चुकून दिली गेलीच, तर लाज बाजूला ठेवून पहिल्या मिनिटाला खरं सांगा. आणि त्याला गप्प करावंसं वाटेल, तेव्हा आधी स्वतःला विचारा, त्रास नक्की कुणाला होतोय, त्याला की आपल्याला?