जॅकखालचा डबा

मौनीबाबांचं मौन आजवर कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं. सकाळपासून ते अखंड बोलत होते आणि वर्कशॉपच्या आवारात मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध ट्रकचं जुनं इंजिन होतं. त्याचं एक टोक लाकडी ठोकळ्यांवर, दुसरं एका जुन्या स्क्रू जॅकवर टेकलेलं.

"अण्णा मिस्त्री," बाबांनी चक्क जॅकला हाक मारली, "नाराज असाल तर खाली या."

त्यांनी तांब्यातलं मंतरलेलं तेल जॅकच्या डोक्यावर ओतलं आणि काठीने टक टक टक ठोकलं. जाडजूड स्क्रू आपोआप गरगर फिरू लागला. कुणाचा हात नाही, बोट नाही, आणि इंजिन मुकाट खाली बसलं. गर्दीने हात जोडले.

अण्णांना जाऊन वर्ष होत आलं होतं. जॅक दुरुस्तीचं त्यांचं काम आता त्यांची लेक बघायची. सगळी गल्ली तिला ताई म्हणे. बाबांचं निदान असं, की पोरीच्या जातीने हातात पाना धरला म्हणून अण्णांचा आत्मा जॅकमध्ये अडकून पडलाय. वर्कशॉपची किल्ली अण्णांच्या धाकट्या भावाला दिली की सुटका. हा धाकटा भाऊ, म्हणजे ताईचा काका, शेजारीच लोखंड कातायचा लेथ चालवायचा. आत्ता तो बाबांच्या बाजूला डोळे मिटून उभा होता, पण एक डोळा किलकिला होता.

आईने डोळे पुसत कमरेची किल्ली काढली. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आई, थांब."

"काय थांबू? तुझ्या वडिलांना त्या लोखंडात कोंडून ठेवू?"

"अण्णा दुरुस्त केलेला जॅक कसा तपासायचे, आठवतं तुला?"

आईला आठवत नसेल तर कुणाला? अण्णा जॅकला भरपूर तेल पाजायचे, वर वजन चढवायचे आणि वजनाखाली स्वतःच्या जेवणाचा डबा ठेवायचे. वजन उतरलं तर डबा चेपणार आणि मिस्त्री उपाशी. आईने आयुष्यभर त्या डब्यावरून कटकट केली, पण डबा कधी चेपला नाही.

"तेल लावल्यावर खाली येतो तो जॅक नव्हे, दगा," ताई म्हणाली. "अण्णांच्या हातून असा जॅक बाहेर पडणार नाही. मी हा उघडते."

"हात लावशील तर भाजशील," बाबा गरजले.

"भाजू दे. कपाटात मलम आहे."

तिने जॅक इंजिनखालून ओढून घेतला, वरची टोपी काढली, स्क्रू फिरवत बाहेर घेतला, आतला पितळी नट ठोकून सोडवला आणि दोन्ही फडक्यावर ठेवले. मग फळीवरचा तसाच दुसरा जॅक काढून तोही उघडला. अण्णांच्या हातच्या त्या स्क्रूचे आटे जवळजवळ आडवे होते. बाबांच्या जॅकमधले एकदम उभे, उतरते, आणि नव्या कापाने चकाकत होते.

"जिना आणि घसरगुंडी," ताई म्हणाली. शेजारच्या मावशींच्या हातात तिने तो चकाकता नट दिला, वरच्या तोंडात स्क्रू बसवून सोडला. तेलकट स्क्रू स्वतःच्या वजनाने गरगरत नटातून उतरला आणि धपकन फडक्यावर पडला. अण्णांचा स्क्रू त्याच्या नटात, तेल लावूनही, तसूभर हलला नाही.

"कोरडा असताना हा कसाबसा धरून राहतो. तेल पडलं, वरून काठीचे ठोके बसले, की सुटतो. मंत्र तेवढा फुकट." ती काकाकडे वळली. "हा जॅक लेथवर दुरुस्त करून आणतो म्हणून तुम्हीच घेऊन गेला होतात. असे आटे कापायला लेथ लागतो, काका."

काकाचे दोन्ही डोळे उघडले. "बाबांनी सांगितलं तसं केलं मी," तो पुटपुटला.

बाबा मात्र हार जाणारे नव्हते. "आत्मा आता त्या दुसऱ्या जॅकमध्ये गेला!"

"उत्तम." ताईने अण्णांचा जॅक जोडला, इंजिनखाली घालून ते उचललं आणि खुंटीवरचा अण्णांचा डबा आणून त्याखाली सरकवला. "आणा खाली. तेल हवं तेवढं घ्या, माझ्याकडे पिंपभर आहे."

बाबांनी तांब्या रिकामा केला. ठोकून ठोकून काठीला चीर गेली. मंत्र संपले, घाम फुटला, डबा जसाच्या तसा. शेवटी बाबांना मौन साधलं.

गर्दीतून मावशींनी हळूच विचारलं, "मग अण्णा कुठे आहेत गं?"

आईच पुढे आली. इंजिनखाली कोपरापर्यंत हात घालून तिने तो डबा ओढून काढला.

"ते गेले," आई म्हणाली. "आणि हे लोखंड आहे. मला रडायचं होतं, तर या दोघांनी माझ्या रडण्याचा खेळ मांडला." तिने किल्ली ताईच्या तेलकट हातात ठेवली आणि लोकांकडे वळली. "उद्या तुमच्या दारात कुणी चमत्कार घेऊन आला, तर आधी हात जोडू नका. उघडून दाखव म्हणा. नाही म्हणाला, तर दार लावून घ्या."

मग ती डबा घासायला घेऊन गेली, कारण दुपारी ताईला त्यातच जेवायचं होतं.