टेबलाच्या पायाखालचं नाणं

माझा नवरा वेंडेल क्रँट्झ याचं नाण्यांचं दुकान आहे, पण खरा धंदा लोकांना नाही म्हणण्याचा. फोनवर कुठलातरी व्हिडिओ बघून माणसं येतात, मुठीतलं नाणं काउंटरवर ठेवतात आणि आता नवं घर घ्यायचंच अशा चेहऱ्याने उभी राहतात. वेंडेल डोळ्याला भिंग लावतो, नाणं उलटंपालटं करतो आणि म्हणतो, "मार लागलाय." त्यामुळे आमच्या गावात, इथे ओहायोत, आम्हाला जेवायला फारसं कुणी बोलवत नाही.

ऑरिन टिबेट्स मात्र परत परत यायचा. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, बायको गेलेली. बँकेतून नाण्यांच्या कागदी गुंडाळ्या आणायचा आणि चुकीचं छापलेलं एखादं मिळेल म्हणून दिवसभर निवडत बसायचा. दर शुक्रवारी काहीतरी घेऊन हजर.

"हे बघ. कड कशी आत वळलीय. टांकसाळीतच चुकलंय."

"लाँड्रीच्या ड्रायरमध्ये अडकलेलं. महिनोन्‌महिने गरगरलंय."

"आणि हे? केवढं पातळ आहे!"

"ॲसिडात बुडवलंय कुणीतरी."

"तुझ्या जिभेला 'हो' म्हणता येतं का रे?"

"लग्नात म्हणालो होतो," वेंडेल म्हणाला.

म्हणाला होता. जरा वेळ लावूनच.

ऑरिन चिडायचा, पण शिकतही गेला. चूक टांकसाळीत झाली असेल तरच तिला किंमत, बाहेर पडल्यावर नाण्याचं जे होतं ते कुणाचंही होतं, हे वेंडेलचं म्हणणं त्याला पाठ झालं. हळूहळू तो दुकानात कमी नाणी आणायला लागला. घरीच स्वतःशी "मार लागलाय" म्हणायचा आणि नाणं परत बँकेच्या पिशवीत टाकायचा.

मार्चमध्ये त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. आम्ही बीन्सचं सूप घेऊन त्याच्या घरी गेलो. मी वाटी ठेवली तर टेबल एका बाजूला कललं आणि सूप ऑरिनच्या मांडीवर जाता जाता राहिलं. वेंडेलला डुगडुगणारी वस्तू सहन होत नाही. हातात पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन तो टेबलाखाली शिरला.

बराच वेळ तो बाहेरच आला नाही.

"अडकलास का?" मी विचारलं.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात टेबलाच्या पायाखालचं पाच सेंटचं नाणं होतं. त्यावरच्या जेफरसनच्या डोक्यामागे काठाला अर्धगोल खाच, बिस्किटाचा घास घ्यावा तशी. त्याने ते शर्टाच्या टोकाने हलकेच टिपलं आणि खिशातून भिंग काढलं.

"ठेव ते जागच्या जागी," ऑरिन म्हणाला. "मार लागलेलं आहे. भोक पाडायच्या पंचने कापलंय कुणीतरी."

"नाही," वेंडेल म्हणाला. "हे टांकसाळीचंच आहे."

ऑरिनने चमचा खाली ठेवला. वेंडेलकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"डॉक्टर तुमच्याशी काही बोललाय का?"

"कशाबद्दल?"

"माझ्याबद्दल. इतकी वर्षं हा माणूस नाही म्हणत आला आणि आज सूप घेऊन येतो नि हो म्हणतो. खरं सांगा, किती दिवस उरलेत?"

"तुझा खुबा बदललाय ऑरिन," मी म्हणाले. "बाकी सगळा तू जुनाच आहेस."

"मग याला दया आलीय माझी."

वेंडेल लाल झाला. चाळीस शिव्या त्याने हसत ऐकल्या असत्या, पण दयेचा आरोप त्याला लागला. "दया? मी माझ्या सख्ख्या आईच्या नाण्याला मार लागलाय म्हणालोय. तू स्वतः बघ."

"बघायचं काय त्यात? कापलंय."

"पत्र्यातून चकत्या पाडताना पंच आधीच्या भोकावर पडला की अशी खाच निघते. मग अशा चकतीची कड उभारताना, खाचेच्या बरोबर समोर दाब बसत नाही. तिथली कड बघ, उठलेलीच नाही."

"झिजली असेल."

"बरोबर तेवढीच? जेफरसनच्या नाकासमोरची? आणि बाकी सगळी शाबूत?"

"नंतर कुणी कापलं असतं तर?"

"तर समोरची कड चांगली असती. कापणाऱ्याला काय स्वप्न पडतंय, तिथलीही घालवायला?"

ऑरिनने भिंग घेतलं. खिडकीकडे वळला. खाच बघितली, समोरची कड बघितली, नाणं फिरवून पुन्हा तेच केलं. सूप गार झालं.

"किंमत?" शेवटी त्याने विचारलं.

"वीस डॉलर. गिऱ्हाईक चांगलं भेटलं तर पंचवीस."

"म्हणजे मरतही नाहीये आणि श्रीमंतही होत नाहीये." तो थोडा हसला. मग त्याचा चेहरा उतरला. "वेंडेल, मग मी बँकेत परत काय काय टाकलं असेल रे? तुझंच ऐकून?"

वेंडेलने पुठ्ठा घडी करून टेबलाच्या पायाखाली सारला. उठताना त्याचं डोकं आपटलं.

घरी येताना गाडीत तो म्हणाला, "मी त्याला फक्त नाही म्हणायला शिकवलं. बघायला शिकवायला पाहिजे होतं."

पुढच्या सोमवारी त्याने दुकान दुपारीच बंद केलं आणि दुसरं भिंग घेऊन ऑरिनकडे गेला. त्यानंतर दर सोमवारी जायला लागला. दोघं समोरासमोर बसून गुंडाळ्या फोडायचे, एकेक नाणं दोघांच्याही भिंगाखालून जायचं आणि भांडणं इतकी व्हायची की शेजारीण एकदा बघायला आली. ऑरिनने ते नाणं काही विकलं नाही. आता शर्टाच्या खिशात घेऊन हिंडतो आणि चर्चमध्ये शेजारी बसलेल्याला समोरची कड दाखवतो.

उन्हाळाभर दोघांना काहीही सापडलं नाही. ऑरिनची काठी सुटल्यावर ते बँकेतही जोडीने जायला लागले. पूर्वी खिडकीतली मुलगी ऑरिन दिसला की उसासा टाकायची. आता दोघांना येताना बघितलं की ती जेवायला जाते.