कधीच लाल न होणारा दिवा

खंडेनवमीला माणसं हत्यारं पुजतात. कुणी विळा पुजतो, कुणी पाना, कुणी रिक्षा. वैजनाथरावांच्या सॉफ्टवेअर कंपनीत त्या दिवशी एका दिव्याची पूजा चालली होती. भिंतीवर ठोकलेला हिरवागार दिवा, त्याला झेंडूची माळ, दोन्ही बाजूंना उसाची वाढी, आणि समोर डोळे मिटून उभी असलेली बी.ई., एम.सी.ए. झालेली मंडळी. एकानं घंटा हलवली, दुसऱ्यानं कापूर लावला. हसलं कुणीच नाही.

करुणा तेवढी हात न जोडता दाराशी उभी होती. तिला हसूही येत नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे आईचा प्लास्टरमधला हात होता.

दिव्याचा महिमा असा. पावसाळा कोरडाठाक गेला होता आणि नवरात्रातच टँकर सुरू झाले होते. शहर मात्र पडेगाव ओलांडून दौलताबादच्या रस्त्यानं सुसाट निघालेलं. इमारती पुढे आणि नळ कुठंतरी लांब मागे. अशा वस्त्यांसाठी कंपनीनं ‘घागर’ नावाचं ॲप केलं होतं. बायकांनी मोबाईलवर वस्तीचं नाव निवडायचं, ॲपनं जवळचा टँकर धाडायचा, टँकर रिकामा झाला की मोबाईलवर ‘पाणी पोहोचलं’ असं उमटायचं. चार वस्त्यांत चाचणी सुरू होती; करुणाची पडेगावातली वस्ती त्यातलीच एक. दसऱ्याच्या मुहूर्तावर, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, अख्ख्या शहराला ते लागू होणार होतं.

असं ॲप लोकांच्या हाती देण्याआधी ते तपासावं लागतं. हे काम करुणा आणि तिच्या जोडीच्या मुली हातानं करायच्या. हे दाब, ते दाब, उलटंसुलटं दाब, आणि चूक सापडली की प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची डोकी खा. मग एके दिवशी पुण्याहून केयूर सर अवतरले. भर उकाड्यात काळं जाकीट, आवाज कीर्तनकाराचा, आणि दर तिसऱ्या वाक्याला एक सुविचार.

“माणसाचा डोळा लवतो, यंत्राचा लवत नाही!” हे त्यांचं पहिलं वचन. “तपासणी आता आपोआप होईल. माझं यंत्र घागरला शेकडो प्रश्न विचारेल. सगळी उत्तरं बरोबर आली तर दिवा हिरवा, एक जरी चुकलं तरी लाल. तुम्ही फक्त चहा प्या.”

आठवडाभर दिवा सारखा लाल होत राहिला आणि वैजनाथराव चिडचिड करत राहिले. त्यानंतर तो जो हिरवा झाला, तो हिरवाच. केयूर सरांची कीर्ती फुलंब्रीपर्यंत गेली. ते यंत्राला काय प्रश्न विचारायला लावतात, हे कुणाला बघायला मिळत नसे. “गुरुकिल्ली गळ्यात घालून फिरत नसतात,” असं म्हणून ते गूढ हसायचे. करुणाच्या जोडीच्या मुलींना घरी पाठवलं गेलं. करुणाला तक्रारीच्या फोनवर बसवलं. तिनं शंका काढली तर सर म्हणाले, “संशय हाच पहिला दोष, करुणा!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या तिनं मनात नीट जपून ठेवल्या होत्या.

एका सकाळी तक्रारीचा फोन आला तो घरूनच. पडेगावच्या रमाईनगरातून शेजारीण द्वारकाबाई ओरडत होती. “करुणे, मोबाइल म्हन्तो पानी पोचलं, आन् इथं थेंब नाय! तुही माय रस्त्याच्या पल्याड बोरवर गेली व्हती, हंडा घेऊन पडली.”

मनकर्णाबाईंचं मनगट मोडलं होतं. वस्तीतल्या बायका भांडी मांडून दुपारपर्यंत उन्हात बसल्या होत्या.

करुणा तशीच, सगळ्यांदेखत, केयूर सरांपुढे गेली. सरांनी मान वर न करता दिव्याकडे बोट दाखवलं. “हिरवा आहे. म्हणजे घागर बरोबर आहे. तुझ्या आईनं चुकीचं बटण दाबलं असेल. वस्तीतल्या बायकांना मोबाईल कुठं कळतो?”

करुणा मागे वळली. पण त्या क्षणी तिनं ठरवलं की या माणसाला हे वाक्य गिळायला लावायचं, आणि तेही चारचौघांत.

रागाच्या भरात आरडाओरड करणं सोपं होतं. ती विचार करत बसली. इतक्या वर्षांत एक आठवडा असा गेला नव्हता की तिला चूक सापडली नाही. माणसं प्रोग्रॅम लिहितात तिथं चुका होणारच. मग महिनाभर दिवा एकदाही लाल का झाला नाही? तापाची काचनळी उकळत्या चहात बुडवली तरी ताप नाही म्हणत असेल, तर चहा थंड आहे असं समजायचं, की नळी मोडकी आहे असं?

तर अशी ही खंडेनवमी. आरती झाली, पेढे वाटले गेले. टँकरमालकांच्या वतीनं फुलंब्रीचे धोंडिबा आले होते, पांढरं धोतर, टोपी, कपाळाला गुलाल. केयूर सरांनी बाह्या सरसावल्या.

“आता चमत्कार बघा! मी मुद्दाम चूक करतो. खोटा पासवर्ड टाकला तरी घागरनं आत घ्यावं, असा बिघाड करतो.” त्यांनी खटखट केलं, यंत्र चालवलं. थोड्या वेळानं दिवा लालभडक झाला आणि भोंगा वाजला. लोक “अरेच्चा!” म्हणाले. सरांनी बिघाड काढला. दिवा पुन्हा हिरवा.

“लई भारी!” धोंडिबांनी मांडीवर थाप मारली. “ह्यो तं जागृत देव हाय!”

“सर,” दाराशी उभी असलेली करुणा पुढे आली, “एक चूक मी करू?”

सरांचं हसू जरा आखडलं. “पुन्हा पासवर्डचीच कर ना.”

“पासवर्डची नाही. माझ्या मनातली.”

“उद्याचा मुहूर्त टळेल. शिवाय तू आता फोनवर असतेस...”

“करू द्या की लेकीला,” धोंडिबा म्हणाले. “देव जागृत असला तं कुनाच्याबी नवसाला पावंल.”

वैजनाथरावांना पाहुण्यापुढे नाही म्हणता येईना. करुणा बसली. लोकांच्या वापरातलं घागर तिनं बाजूला ठेवलं आणि तपासणीसाठी ठेवलेल्या नकलेत बिघाड केला. प्रत्येक टँकरमध्ये शून्य लिटर पाणी. “चालवा यंत्र.”

दिवा हिरवा.

“किरकोळ बाब आहे,” केयूर सर म्हणाले. “यंत्र मोठ्या गोष्टी बघतं.”

“बरं, मोठी गोष्ट घ्या.” करुणाच्या आवाजाला आता धार चढली होती आणि ती लपवायची तिला गरज वाटली नाही. “आता शहरातला एकूणएक टँकर केयूर सरांच्या सोसायटीच्या फाटकावर जाईल. चालवा.”

सगळे दिव्याकडे टक लावून बसले. दिवा हिरवा.

धोंडिबांच्या पोटातून हसू फुटलं. “अवो, सायबाची सोसायटी बुडाली, बाकीचं गाव तहानलं, आन् देव म्हन्तो समदं ठीक!” मागची पोरंपोरी तोंड दाबून हसायला लागली. ज्यानं घंटा हलवली होती तो सगळ्यांत जोरात हसत होता.

करुणा हसली नाही. “आता लोकांच्या वापरातलं घागर बघा. यात मी काहीच बिघडवलेलं नाही.” तिनं पडद्यावर रमाईनगर शोधलं. शहरात रमाईनगरं दोन होती. एक पडेगावात, एक पार दुसऱ्या टोकाला, नव्या वसाहतीत. घागरला एकच ठाऊक होतं, नवं. “दोन्हीकडचे टँकर तिकडेच रिकामे होतात. आणि नाव एकच असल्यामुळे पडेगावातही ‘पाणी पोहोचलं’ असं उमटतं. माझ्या आईनं बटण बरोबरच दाबलं होतं, सर. उद्या मुहूर्तावर शहरातल्या प्रत्येक जुळ्या नावाच्या वस्तीत हेच होणार होतं.”

“यंत्र उघडून दाखवा,” वैजनाथराव घोगऱ्या आवाजात म्हणाले.

गुरुकिल्ली निघाली आणि भोंदूपणाही निघाला. त्यात गूढ असं काही नव्हतंच. यंत्र घागरला प्रश्न विचारायचं हे खरं. पण बरोबर उत्तर कोणतं, हे माणसानं आधी विचार करून लिहून ठेवायचं असतं. केयूर सरांनी तो विचार करायचा कंटाळा केला होता. त्यांचं यंत्र आधी घागरलाच विचारायचं, घागर जे म्हणेल तेच बरोबर म्हणून उतरवून घ्यायचं, मग पुन्हा तोच प्रश्न विचारायचं आणि जुळलं की हिरवा दिवा लावायचं. मास्तरानं पोराच्याच वहीतून उत्तरं फळ्यावर उतरवावीत आणि मग त्याला पैकीच्या पैकी मार्क द्यावेत, तसला प्रकार. पासवर्डचं उत्तर तेवढं त्यांनी स्वतः लिहिलं होतं. बुवाच्या गर्दीत एक खोटा लंगडा आधीच पेरलेला असतो आणि अंगारा लावताच तो पळत सुटतो; पासवर्ड हा सरांचा लंगडा होता.

“दिवा लाल झाला की तुम्हीच चिडायचात,” केयूर सर वैजनाथरावांना म्हणाले. “तुम्हाला हिरवा हवा होता, मी दिला.”

या एका वाक्यापुरते सर खरं बोलले, आणि ते ऐकून वैजनाथरावांनी मान खाली घातली. मग ते करुणाला बाजूला घेऊन म्हणाले, “मुहूर्त पुढे ढकलू. याला गुपचूप मोकळं करू. बभ्रा नको.”

“बभ्रा पाहिजे, सर,” करुणा म्हणाली. “माझ्या आईला चारचौघांत खोटं पाडलंय. आधी पडेगाव, मग मोकळं.”

दसऱ्याच्या दिवशी टँकर बरोबर पडेगावातल्या रमाईनगरात आला. त्या दिवशी वस्तीत धम्मचक्र प्रवर्तन दिन. बायका पांढऱ्या लुगड्यांत रांगेला उभ्या होत्या. मनकर्णाबाई गळ्यात हात अडकवून सगळ्यांत पुढे. जाकीट न घातलेले केयूर सर त्यांच्यासमोर उभे राहिले.

“काही तांत्रिक कारणामुळे जी गैरसोय...”

“तांत्रिक-मांत्रिक मला नाय समजत,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “साधं सांगा. म्या बटन चुकीचं दाबलं व्हतं का?”

“नाही.”

“मंग चुकलं कोन?”

सरांनी आजूबाजूला पाहिलं. आज दाखवायला दिवा नव्हता. “मी.”

“जोरात. मागं द्वारकाबाईला ऐकू येत नाय.”

“मी चुकलो!”

“आता हंडा उचला. हात माहा मोडलाय, तुमचे तं धड हायेत.”

सरांनी हंडा उचलला. तो नीट धरता न आल्यामुळे निम्मं पाणी त्यांच्या बुटांत गेलं आणि बायकांनी त्याबद्दलही त्यांना सुनावलं. करुणाला तेव्हा फार बरं वाटलं. सूडानं मन हलकं होत नाही असं म्हणतात, पण तिचं झालं, आणि त्याची तिला लाज वाटली नाही.

यंत्र मात्र तिनं फेकून दिलं नाही. दोष यंत्राचा नव्हताच. घरी पाठवलेल्या मुलींना तिनं परत बोलावलं आणि बरोबर उत्तरं सगळ्यांनी मिळून हातानं लिहिली. पहिल्याच फेरीत दिवा लाल झाला. बाकीच्यांचे चेहरे पडले, या मुलींनी मात्र टाळ्या वाजवल्या. चूक निस्तरल्यावर तेच यंत्र तेच शेकडो प्रश्न रोज न कंटाळता विचारू लागलं; ज्या कामात पूर्वी मुलींचा अख्खा दिवस जायचा ते चहा होईपर्यंत उरकू लागलं. वाचलेल्या वेळात करुणा टँकरबरोबर वस्त्यांत फिरायची आणि नवे प्रश्न घेऊन यायची. शहरात रमाईनगरं दोन आहेत, हे यंत्राला कुणी सांगितल्याशिवाय कसं कळणार?

झेंडूची वाळलेली माळ तिनं स्वतः काढली आणि दिव्याखाली नियम लिहून लावला: आधी लाल करून दाखवा, मग हिरव्यावर विश्वास ठेवू.

हा नियम सॉफ्टवेअरपुरताच आहे असं समजू नका. उद्या कुणी बुवा, वैद्य नाहीतर जाकीटवाला तुमच्यापुढे न चुकणारी वस्तू घेऊन येईल. त्याच्या पाया पडण्याआधी एवढंच विचारा, की ही चुकली तर ते आम्हाला कसं कळेल? उत्तर नसेल तर हातातला नारळ घरी घेऊन जा आणि चटणी करा.